जेनोव्हा पायी फिरायचंय? आधी चढ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत मिलानहून तीन रात्रींसाठी इटलीतल्या जेनोव्हाला जायचं आहे. सोबत अकरा वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर तास-दीड तास आरामात चालतात. नकाशात सगळी ठिकाणं दोन किलोमीटरच्या आत दिसतात, तर सगळं पायीच होईल का? कास्तेल्लेत्तो भागातलं हॉटेल स्वस्त मिळतंय, ते घ्यावं का? आणि घरचे शाकाहारी आहेत, अंडं चालतं.

पायी होईल. जेनोव्हा पायीच बघण्याचं शहर आहे, कारण जुन्या भागातल्या निम्म्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. पण तुमची खरी अडचण अंतराची नाही, उंचीची आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसलंय आणि जागा पुरेना तसं डोंगरावर चढत गेलंय. नकाशात चारशे मीटरवर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात पंधरा मजले वर असू शकतं. दुखऱ्या गुडघ्यांना सपाट दोन किलोमीटर जड जात नाहीत. दोनशे पायऱ्या जातात, आणि त्यातही चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. म्हणून इथला दिवस आखताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: आज किती वेळा वर जायचंय, आणि वर नेणारं यंत्र कुठे आहे?

यंत्र म्हणतोय ते शब्दशः. या शहरात सार्वजनिक लिफ्ट आणि दोरावर ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्या बससारख्याच रोजच्या वापरात आहेत. तुमच्या कामाच्या तीन. पहिली, पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर नेणारी लिफ्ट. चौकातून फरशा बसवलेल्या बोगद्यातून आत जायचं, लिफ्टमध्ये शिरायचं, आणि मिनिटभरात पन्नास-साठ मीटर वर, सगळ्या जुन्या शहराच्या छपरांसमोर. दुसरी, झेक्का चौकातून रिगीला जाणारी फ्युनिक्युलर. ती समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर नेते. तिसरी बाल्बी रस्त्यावरून माँतेगाल्लेत्तोला, दाल्बेर्तिस किल्ल्यापाशी जाणारी लिफ्ट. हिची केबिन आधी बोगद्यातून आडवी धावते, मग त्याच केबिनसकट उभी वर चढते. मुलाला हीच सगळ्यात आवडेल, तेव्हा ती चुकवू नका.

या साधनांच्या तिकिटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. पोहोचल्यावर एएमटी या शहर वाहतूक कंपनीच्या खिडकीवर विचारूनच पास घ्यायचा की सुटं तिकीट ते ठरवा. देखभालीसाठी एखादी लिफ्ट बंद असणंही नेहमीचं आहे. त्यामुळे त्या दिवशी काय चालू आहे ते सकाळी हॉटेलात विचारून निघा. वर नेणारी लिफ्ट बंद निघाली, तर तो कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकला. सासूबाईंना घेऊन पायऱ्यांनी जायचा हट्ट धरू नका.

खाली येताना मात्र थोडं चालावंच, कारण या शहराची खरी ओळख उतारावरच होते. डोंगरावरून खाली येणाऱ्या जुन्या पायवाटांना तिथे क्रेउझा म्हणतात. आपल्या कोकणातल्या पाखाडीची आठवण व्हावी अशाच त्या: दोन्ही बाजूंना बागांच्या उंच भिंती आणि मधून उतरत जाणारी वाट. पण त्यांची बांधणी नीट बघा. मधोमध उभ्या विटांचा हातभर रुंद पट्टा असतो आणि दोन्ही कडांना गोटे किंवा दगड. चालायचं विटांवरून. कोरड्या दिवशी विटेवर पाय चांगला रोवतो, गोट्यांवर घोटा मुरगळतो. पाऊस पडल्यावर विटांवर शेवाळ असेल तर तीही घसरते, म्हणून ओल्या दिवशी कास्तेल्लेत्तोहून लिफ्टनेच खाली या. कोरड्या दिवशी तिथून गारिबाल्दी रस्त्याकडे उतरायला सावकाश पाव तास लागतो. गुडघे दुखरे असतील तर दुमडता येणारी एक काठी सोबत असू द्या. उतारावर तिचा खरा उपयोग होतो.

आता हॉटेल. कास्तेल्लेत्तो हा शांत, देखणा, निवासी भाग आहे, पण तो वर आहे. लिफ्ट चालू असते तोवर प्रश्न नाही. पण लिफ्टच्या वरच्या टोकापासून हॉटेलपर्यंत आणखी पायऱ्या असतील, किंवा रात्री जेवून परतताना लिफ्ट बंद झालेली असेल, तर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. बुकिंगआधी पत्ता वाचायची सवय लावा. पत्त्यात सालिता किंवा स्कालिनाता असेल तर चढ किंवा जिना धरूनच चला. विको असेल तर ती चिंचोळी गल्ली, दारापर्यंत टॅक्सी येणार नाही. शिवाय इमारतीला लिफ्ट आहे का, हे स्वतंत्रपणे लिहून विचारा. जुन्या इमारतींत स्वागतकक्षच तिसऱ्या मजल्यावर असतो, आणि तिथवरचे जिने संगमरवरी, उंच पायऱ्यांचे असतात.

तुमच्या कुटुंबासाठी मी दे फेर्रारी चौक ते ब्रिन्योले स्टेशन हा पट्टा सुचवेन. रस्ते रुंद, बरेचसे सपाट. वीस सप्टेंबर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे आहेत, त्यामुळे पावसातही कोरडं चालता येतं. मिलानहून येणाऱ्या गाड्या प्रिन्चिपे स्टेशनावर थांबतात आणि बऱ्याच पुढे ब्रिन्योलेपर्यंत जातात. तिकीट काढताना ब्रिन्योलेचंच बघा. प्रिन्चिपेला उतरावं लागलं तर मेट्रो आहे. एकच मार्ग आहे, तो प्रिन्चिपेवरून बंदर आणि दे फेर्रारी करत ब्रिन्योलेला येतो. प्रिन्चिपेच्या अगदी जवळ, बंदराच्या बाजूच्या प्रे रस्त्यावरचं स्वस्त हॉटेल मी टाळेन. दिवसा तिथे काही अडचण नाही, पण रात्री कुटुंबासोबत त्या गल्लीतून ये-जा करणं सुखाचं नाही.

दिवाळीची सुट्टी म्हणालात, त्यावर जरा सविस्तर लिहावं लागेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लिगुरियाचा, म्हणजे जेनोव्हाच्या किनारी प्रांताचा, मुख्य पावसाळा. उबदार समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्याला लागूनच उभ्या असलेल्या डोंगरांवर आदळते आणि काही तासांत प्रचंड पाऊस ओतते. २०११ आणि २०१४ साली याच मोसमात शहरात पूर आले आणि माणसं दगावली. म्हणून तिथे पिवळा, नारिंगी, लाल अशा इशाऱ्यांची पद्धत आहे आणि लोक ती मनापासून पाळतात. लाल इशारा असेल तर शाळा, बागा बंद होतात, संग्रहालयंही बंद असू शकतात. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी भुयारी रस्ते आणि बिझान्यो नदीचा काठ टाळा. ही नदी ब्रिन्योले स्टेशनाजवळ जमिनीखाली जाते, तेव्हा तुम्ही त्या बाजूला राहणार असाल तर हे लक्षात असू द्या. हे वाचून बेत रद्द करू नका. याच दिवसांत स्वच्छ निळ्या आकाशाचे, गर्दी नसलेले दिवसही मिळतात. फक्त तीन दिवसांचा क्रम आधीच पक्का करू नका. हवा बघून आदल्या संध्याकाळी ठरवा: स्वच्छ दिवस समुद्राला आणि डोंगराला, पावसाचा दिवस राजवाड्यांना.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट घ्या. उत्तरेकडून येणारा त्रामोंताना वारा डोंगरातल्या खिंडींतून खाली येतो तेव्हा छत्री उलटते, आणि अरुंद गल्लीत दोन छत्र्या एकमेकींशेजारून जात नाहीत. बूट रबरी तळाचे, खोल खाचांचे हवेत. कमानींखालच्या गुळगुळीत फरश्या ओल्या झाल्या की चामडी तळ हमखास सरकतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. कास्तेल्लेत्तोहून सूर्यास्त बघायचा तो सोडला तर उंचावरचं आणि समुद्राचं जे काही बघायचं ते साडेचारपर्यंत उरका. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात.

पहिल्या दिवशी, सामान ठेवल्यावर, फक्त वरचा रस्ता करा. दे फेर्रारी चौकातून फोंताने मारोझे चौकात या आणि तिथून गारिबाल्दी रस्त्यावर. हा रस्ता जेमतेम अडीचशे मीटर लांब, गाड्यांना बंद आणि जवळजवळ सपाट आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात जेनोव्हाच्या सावकार घराण्यांनी इथे शेजारीशेजारी वाडे बांधले. शहराला तेव्हा राजवाडा नव्हता, कारण राजा नव्हता. त्यामुळे परदेशी राजे-राजदूत आले की त्यांना उतरवून घ्यायचा मान या खासगी वाड्यांना मिळायचा. कुठल्या वाड्याने कुठल्या दर्जाचा पाहुणा घ्यायचा याच्या सरकारी याद्या होत्या, त्या रोल्ली. त्यांतल्या ४२ वाड्यांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. रोस्सो, बियांको आणि दोरिया-तुर्सी या तीन वाड्यांमधली संग्रहालयं एकाच तिकिटात बघता येतात. सोमवारी ती बंद असतात. आत जायचा उत्साह नसेल तरी उघड्या दरवाज्यांतून अंगणं नक्की बघा. डोंगराला टेकून बांधल्यामुळे ती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे वर चढत जातात. तुर्सीमध्ये प्रसिद्ध वादक पागानिनीचं व्हायोलिन ठेवलंय. ग्वार्नेरीने ते १७४३ साली बनवलं. रस्त्याच्या पूर्व टोकापासून पोर्तेल्लोची लिफ्ट तीन-चार मिनिटांवर आहे. चारच्या सुमारास वर जाऊन सूर्यास्त बघून उतरा. सगळं मिळून दोन किलोमीटरही होत नाही.

दुसरा दिवस कारुज्जींचा, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांचा. इथे मोबाइलवरचा नकाशा फसवतो. सहा-सात मजली घरांच्या फटीतून उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. त्यामुळे एकच नियम पाळा: पाणी ज्या दिशेला वाहील त्या दिशेला बंदर. हरवलात की उताराने चला, पाच-सात मिनिटांत बंदराकाठच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली बाहेर पडता. आणखी एक गोष्ट इथे नवख्यांना गोंधळात टाकते: घरांचे क्रमांक दोन रंगांत असतात. राहत्या दारांना काळे, दुकानांना आणि खानावळींना लाल, आणि दोन्ही मालिका स्वतंत्र चालतात. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ असेल तर लाल क्रमांक शोधायचा. काळ्या २९ समोर उभं राहून लाल २९ शोधत बसणारे लोक रोज दिसतात. ते दुकान शंभर मीटर पुढे असतं.

सुरुवात पोर्ता सोप्रानापासून करा. बाराव्या शतकातल्या तटबंदीचं हे दोन बुरुजांचं दार. त्याच्या शेजारीच कोलंबसचं लहानपणीचं घर म्हणून दाखवतात ते छोटं घर आहे. ते नंतर पुन्हा बांधलेलं आहे आणि बाहेरून बघितलं तरी पुरतं. तिथून सान मात्तेओ चौक. दोरिया घराण्याची घरं आणि देऊळ, सगळं काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचं, लहानशा चौकात दाटीवाटीने उभं. मग सान लोरेन्झो कॅथेड्रल. आत उजव्या बाजूला तोफेचा एक मोठा गोळा ठेवलेला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला तेव्हा तो भिंत फोडून आत आला आणि फुटला नाही. मुलाला तो आवर्जून दाखवा. दारापाशी पायऱ्या आहेत, पण थोड्याच.

कॅथेड्रलपासून बंदरापर्यंत सान लोरेन्झो रस्ता रुंद, गाडीविना आणि हलक्या उताराचा आहे. सासूबाईंसाठी हाच कणा धरा. बाजूच्या गल्ल्यांत दहा मिनिटं शिरायचं आणि परत याच रस्त्यावर यायचं, म्हणजे थकवा आला तर बसायला जागा आणि टॅक्सी दोन्ही जवळ. काननेतो इल लुंगो ही गल्ली दिवसा भाजी, मासळी, पावाच्या दुकानांनी भरलेली असते, ती जरूर चाला. माद्दालेना रस्त्याच्या बाजूचा भाग दिवसा ठीक, अंधार पडल्यावर टाळावा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा; गल्ल्यांपेक्षा भरलेल्या बसमध्ये आणि मत्स्यालयाच्या रांगेत जास्त जपावं लागतं.

जुनं बंदर पूर्ण सपाट आहे. कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने १९९२ मध्ये वास्तुकार रेंझो पियानोने त्याची नवी मांडणी केली. तो स्वतः जेनोव्हाचाच. मत्स्यालय तेव्हाचंच, आणि त्याला अडीच-तीन तास द्यावे लागतात. गालाता सागरी संग्रहालयालाही तेवढेच. एका दिवसात दोन्ही केली तर चालण्यापेक्षा उभं राहण्यानेच गुडघे बोलायला लागतात. एक निवडा. अकरा वर्षांच्या मुलासोबत मी गालाता निवडेन, कारण जहाजांचं शहर आपण कशासाठी बघतोय हे तिथे कळतं.

स्वच्छ दिवस मिळाला की समुद्र. इथे दोन पर्याय आहेत. कोर्सो इतालिया हा फोचेपासून बोक्कादास्सेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटरचा किनारी रस्ता, रुंद पदपथाचा. पण त्याला लागून वाहतूक धावते. शेवटी बोक्कादास्सेची कोळीवाड्याची खाडी, रंगीत घरं, गोट्यांचा छोटा किनारा. दुसरा पर्याय नेर्वी. लोकल गाडीने ब्रिन्योलेहून पंधरा-वीस मिनिटांत नेर्वी स्टेशन येतं, आणि समुद्रकाठची अनीता गारिबाल्दी वाट तिथूनच खाली सुरू होते. ही सुमारे दोन किलोमीटरची वाट कातळाच्या कडेने जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बागा, गाडी एकही नाही. बसायला जागोजागी बाक आहेत. तुमच्यासाठी मी नेर्वीच सांगेन. बोक्कादास्सेला जायचंच तर जाताना चाला आणि येताना बस घ्या, कारण परतीचे अडीच किलोमीटर तेच दृश्य उलट बाजूने दाखवतात. समुद्र खवळलेला असेल तेव्हा लाटा नेर्वीच्या वाटेवर येतात आणि ती बंद करतात; अशा दिवशी तिकडे जाऊच नका.

त्याच दिवशी चिंक्वे तेर्रे जोडायचा विचार असेल तर सोडा. गाडीला जाताना-येताना मिळून दोन-अडीच तास जातात, दिवस छोटा असतो, आणि त्या पाच गावांतली बहुतेक पायऱ्यांची आहेत.

खाण्याबाबत शाकाहाऱ्यांना इटलीत जेनोव्हाइतकं सोपं शहर मिळणं कठीण. सकाळी पावाच्या भट्टीतून फोकाच्चा घ्या. ती वजनावर मिळते, आणि तिथे वजन शंभर ग्रॅमच्या एत्तोमध्ये सांगतात. दोघांना तीन एत्तो पुरतात. चांगली फोकाच्चा दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नसते, आणि वर बोटांनी पाडलेल्या खळग्यांत तेल-मिठाचं पाणी मुरून ते पांढुरके, ओलसर राहिलेले असतात. सगळीकडे सारखी खरपूस, कोरडी दिसली तर ती कालची समजा. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, जाडी सेंटिमीटरच्या आत. सासूबाईंना परक्या मुलखात बेसनाची चव मिळेल. पण ती गरमच खायची. थाळा भट्टीतून निघेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागलं तर थांबा.

सावध कुठे राहायचं तेही सांगतो. पेस्तो या बेसिलच्या हिरव्या सॉसमधल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाटवणारं रेनेट असतं. ते चालत नसेल तर अक्रोडाच्या सॉसचाही पर्याय राहत नाही, कारण त्यातही बहुतेक ठिकाणी तेच चीज पडतं. मग टोमॅटोचा साधा पास्ता चीजशिवाय मागा. तोर्ता पास्क्वालिना या पालेभाजीच्या पायमध्ये अंडी असतात, ती तुम्हाला चालतील. पोल्पेत्तोने तिथे फरसबी-बटाट्याचं असतं, पण काही जण त्यात मांस घालतात, विचारून घ्या. सोत्तोरिपाच्या तळणीच्या दुकानांत भजी आणि मासळी एकाच तेलात तळतात. पिझ्झा-फोकाच्चावर बारीक खारवलेले मासे असतात. ‘सेंझा आच्चूगे’ म्हटलं की घालत नाहीत. खानावळी दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर उघड्या. बिलात माणशी बसण्याचा आकार लागतो, तो कोपेर्तो; ती फसवणूक नाही.

स्वच्छतागृहांसाठी वेगळी शोधाशोध करू नका. कुठल्याही बारमध्ये उभ्याने एक कॉफी घेतली की वापरता येतं, आणि उभ्याने कॉफी टेबलापेक्षा स्वस्त पडते. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून घ्या.

पावसात सापडलात तर दुपारचा क्रम असा ठेवा: बाल्बी रस्त्यावरचा राजवाडा पालाझ्झो रेआले, तिथून त्याच रस्त्यावरून माँतेगाल्लेत्तोची लिफ्ट, वर दाल्बेर्तिस किल्ल्यातलं संग्रहालय, आणि परत लिफ्टने खाली. जवळजवळ सगळं छपराखाली आणि एकही मोठा चढ पायी नाही. रिगीची फ्युनिक्युलर मात्र ढग असताना घेऊ नका, वर काहीच दिसत नाही. हवा उघडी असेल तर तिथून सतराव्या शतकातल्या तटबंदीच्या कडेने तुम्ही आणि मुलगा तासभर चालून या. सासूबाईंना वरच्या स्थानकाजवळ कॉफी घेऊन बसता येईल, पण वारा असतो, शाल हाताशी असू द्या.

आता एवढं करा: ज्या दोन-तीन हॉटेलांचा विचार चाललाय त्यांचे पूर्ण पत्ते इथे टाका. कुठल्या दारापर्यंत टॅक्सी येते आणि कुठे पायऱ्या लागतात ते पत्त्यावरून सांगता येईल.